पुसलेलं वळण

मी एकदा एक वळण पुसलं. नकाशावर फूटपट्टी ठेवली, रेघ ओढली आणि आड येणारं कडुनिंबाचं झाड तोडायला सांगितलं. तेव्हा मी रस्तेखात्यात नवी इंजिनियर; सरळ रेघ म्हणजे अक्कल असं मला वाटे. डोळ्यांवर गॉगल, साडीला कडक इस्त्री, डोक्यात नुसती खडी. माझ्या नातीला मराठी समजतं पण वाचता येत नाही, म्हणून इथं मनमोकळं लिहिते आहे.

रस्ता तंजावूरहून तिरुवैयारुला जाणारा. जाताना डाव्या हाताला ते झाड, त्याखाली गावच्या राखणदार मुनीश्वरनचा दगड. त्याच्या सावलीवरून चाक न्यायचं नाही, असा तिथला रिवाज. सायकली उजवीकडून वळसा घेत. आम्ही रीतसर पूजा करून दगड शेताच्या बांधावर हलवला आणि रस्ता सरळ केला.

आमच्या कामात ‘साइट डिस्टन्स’ म्हणतात, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला पुढचा रस्ता किती लांबवर दिसतो ते. लांबचं दिसलं की पाय ॲक्सिलरेटरवर जोरात पडतो. हे मी शिकले होते, पण परीक्षेपुरतं.

मोटारी सुसाट जाऊ लागल्या. आधी एक शिक्षिका पडली, मग दूधवाला. दोघांनी त्याच जागी सायकल एकदम उजवीकडे, मोटारीपुढे घेतली होती.

“जुनी सवय आहे,” आमचे वरचे इंजिनियरसाहेब म्हणाले. “जाईल हळूहळू.”

मी मान डोलावली. तेवढं मला छान जमायचं.

मग पोस्टमन पडला. तो नुकताच बदलून आलेला. त्यानं ते झाड कधी पाहिलंच नव्हतं. मी त्याला हॉस्पिटलात भेटले.

“वळलात कशाला?”

“आड काहीतरी होतं, मॅडम.”

“काय होतं?”

त्यानं बराच विचार केला. “गार होतं,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तिथं गेले. सेल्वी भेटली. ती सायकलवरून मोगरा विकायला रोज त्याच रस्त्यानं जायची.

“रोज मोटारीपुढे वळतेस. एक दिवस मरशील ना. सरळ का जात नाहीस?”

“तुम्ही जाऊन बघा की सरळ, अम्मा.” तिनं टोपली उतरवली आणि सायकल माझ्या हातात दिली.

पदर खोचून मी निघाले. डांबर तापलेलं, तोंडावर झळा. त्या जागेपाशी दंडांना एकदम गारवा लागला. डोक्यावर पानं सळसळली. वर पाहिलं तर मोकळं आकाश. आणि हँडल उजवीकडे वळलं. मी वळवलं नव्हतं.

मागून हॉर्न आला. मोटार साडीला घासून गेली.

सेल्वी धावत आली, तिनं सायकल धरली. “गेलात सरळ?” एवढंच विचारलं.

साहेबांना मी म्हटलं, “रस्ता परत वाकडा करायचाय.”

“रिपोर्टात काय लिहू? सावली आडवी आली?”

“सायकली वळतात, मोटारी वळत नाहीत, असं लिहा. मोटारींना वळवू.”

“लोक हसतील हो.”

“मला हसतील. रेघ माझी होती.”

झाडाच्या जागी गोल कट्टा बांधला. त्याला वळसा घालून सायकलींची वेगळी पट्टी, तिच्या बाहेरून मोटारींचा अरुंद रस्ता, अलीकडे स्पीड ब्रेकर. मोटारी आता सायकलीच्या चालीनं वळतात. तिथं पुन्हा कुणी पडलं नाही. एक धडा मात्र घेतला: सरळ रस्त्यावर माणूस लवकर पोचतो, पण कुठं पोचतो ते इंजिनियरनं आधी बघावं.

काम संपलं त्या दिवशी मी नर्सरीतून कडुनिंबाचं रोप नेलं. म्हटलं, देवाची माफी मागावी. कट्ट्याच्या मधोमध खड्डा खणायला घेतला तेवढ्यात सेल्वी आली. सायकलवरून उतरली. रोपाकडे पाहिलं, मग मान मागे टाकून वर, खूप वर पाहिलं.

“तिथं नका लावू, अम्मा,” ती म्हणाली. “जागा कुठंय?”