तात्यांच्या बोटीचा शाफ्ट

आमच्या कंपूत बोट एकच होती, पण किस्से मोप! नदीत पडलेली वस्तू हाती लागत नाही, किस्से मात्र न मागता साठतात. पूर्वी ते आम्ही एकमेकांनाच सांगायचो. आता ऐकायला त्यातलं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मंडळी तिघंच. भिकातात्या रेल्वेत फिटर, मगनभाई गुजर प्रकाशा गावचे केळीवाले, आणि मी नंदुरबारात रेडिओ दुरुस्त करणारा. ट्रान्झिस्टर तेव्हा नुकतेच आले होते. मोडक्या सेटांचे भाग काढून मी एक खोका जुळवला. एक बटण दाबलं की हातभर लाकडी बोट वळे, दुसरं दाबलं की मोटर उलटी फिरे. रविवारी एसटीने प्रकाशाला जायचं आणि मगनभाईंच्या शेताखाली तापीत बोट सोडायची, हाच आमचा धर्म!

*

पहिल्याच दिवशी बोट काय झोकात निघाली! मी उलटं बटण दाबलं आणि ती जागीच थांबली. आत मोटर फिरतेय, पण बोट हलेना. मगनभाईंनी पोहत जाऊन ती आणली. तात्यांनी उपडी करून पाहिली, तर मागे नुसतं भोक!

मोटरीपासून पंख्यापर्यंत एक बारीक सळई जाते, तोच शाफ्ट. मोटर उलटी फिरली की पंखा त्याला मागे ओढतो. स्क्रू जरा ढिला असला की शाफ्ट पंख्यासकट नदीत! त्या दिवसापासून बोट काठाला लागली की तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "शाफ्ट शे का?"

बहुतेक वेळा नसायचाच.

*

मगनभाईंनी उपाय काढला. घरच्या कापसाचा दोरा शाफ्टला बांधून दुसरं टोक बोटीला! दोरा पंख्यावर असा गुंडाळला गेला की मोटरच बंद पडली.

तात्या म्हणाले, "मगनभाई, हाई बोट शे, चरखा नही!"

*

मग माझी अक्कल चालली. सोनाराकडून लाख आणून शाफ्ट पक्का चिकटवला. कंडक्टरने बोट टपावर ठेवायला लावली आणि वैशाखाचं ऊन! प्रकाशाला उतरेपर्यंत लाख पातळ झाली होती. तात्या आठ दिवस मला सोनारच म्हणत होते.

*

शाफ्टसाठी तात्या स्वतःच्या सायकलचे स्पोक काढायचे. चाक इतकं डुलायला लागलं की त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भडकल्या, "एक दिन सायकलवरथून पडशात, तई तो शाफ्ट उचलाले येई का?"

वहिनींचा त्या बोटीवर भारी राग. नदीवर त्या कधी आल्या नाहीत.

*

तात्यांना छातीचं दुखणं लागलं आणि रविवार बंद पडले. एकदा भेटायला गेलो, तर पठ्ठ्या खाटेवर बसून शाफ्ट झाळत होता! मला म्हणाले, "बैलगाडीनं चाक निसटू नही म्हणीसन खीळ ऱ्हास ना? आपण आतेपावत येडाच होतूत!" बोटीच्या आतल्या बाजूला शाफ्टला पितळी वायसर झाळला होता. भोकापेक्षा ही चकती मोठी, आता शाफ्ट बाहेर जाणारच कसा?

"एकदाव शाफ्ट लिसन बोट परत येऊ दे रे भो, मंग मी सुटनू," म्हणाले.

मी म्हटलं, "तात्या, या रविवारी नेतोच. शाफ्ट घेऊनच परत येईल ती." तो रविवार त्यांना दिसला नाही. फार वाईट वाटतं हो, अजूनही.

*

अस्थी प्रकाशालाच न्यायच्या होत्या. आमच्याकडे बायका अस्थींना येत नसत, पण वहिनी आल्या. मगनभाई नावाड्याला हाक मारणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "नाव कसाले? त्यास्नी बोटमाच जाऊ द्या त्यास्ले."

द्रोणात अस्थी आणि झेंडूची फुलं ठेवून द्रोण बोटीच्या पुढच्या टोकावर ठेवला. बोट मधल्या धारेला गेली. द्रोण पाण्यात पडावा म्हणून मी ती वळवून पाहिली, पण द्रोण हलेना. पुन्हा वळवली, तरी नाही. मगनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. उरलं होतं ते उलटं बटण.

दाबलं. बोटीला हिसका बसला आणि द्रोण पुढे घसरून पाण्यात गेला. मी बटण सोडलं, बोट वळवली. ती हळूहळू काठाकडे यायला लागली.

मगनभाई उपरणं तोंडाशी धरून रडत होते. वहिनींच्या डोळ्याला तोवर पाणी नव्हतं. त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या, बोट उचलून छातीशी धरली आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"शाफ्ट शे का?"