तिसऱ्या फेरीतला गोलकीपर

गणपतीच्या सुट्टीत सगळी माणसं कोकणात येत असतात. यंदा मी कोकणातून निघाले. दापोलीहून मुंबईकडे जाणारी आमची एसटी अर्धी रिकामी होती आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी माणसांनी, पिशव्यांनी, मखराच्या सामानाने गच्च भरलेली होती. कितीतरी तास मी त्या उलट्या दिशेने जाणाऱ्या आनंदाकडे बघत बसले होते.

निमित्त होतं सलीमच्या फोनचं. सलीम माझा धाकटा भाऊ. दुबईत देरामध्ये एका ट्रेडिंग ऑफिसात नोकरी करतो आणि उरलेल्या जिवाने ‘खाडीकाठ’ नावाची फुटबॉल टीम चालवतो.

“आपा, ह्या वेळी तू ये. आमचा ड्राफ्ट आहे.”

“मला फुटबॉलमधलं काय कळतं?”

“फुटबॉल मला कळतं. माणसं तुला कळतात. बावीस वर्षं पोरांच्या प्रगतीपुस्तकावर शेरे लिहितेस ना? तसेच लिही.”

मी शाळेत शिकवते. शेरे लिहिते हे खरं. ते बरोबर असतात का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. मुंबईहून शारजाचं तिकीट बहुतेक वेळा दुबईपेक्षा स्वस्त पडतं, विमान तीन तासांत पोचतं आणि शारजाहून देरा टॅक्सीने अर्धा तास. पण संध्याकाळी उतरू नका. त्या रस्त्यावर तेव्हा गाड्यांचे लाल दिवे क्षितिजापर्यंत लागलेले असतात आणि अर्ध्या तासाचे दोन तास होतात. मी संध्याकाळीच उतरले. एअरपोर्टच्या गारव्यातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. दुबईचं पहिलं दर्शन मला असं धुक्यातून झालं: दिवे, दिव्यांच्या कडा, आणि त्यांच्यातून हात हलवत येणारी एक ओळखीची चाल.

गाडीत माझी भाची झोया मागे बसली होती. चौदा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि दोघींना सगळं समजतं. ही ड्राफ्टची कल्पना तिचीच. अमेरिकेतल्या टीम खेळाडू कसे निवडतात ते तिने फोनवर बघितलं आणि बापाच्या डोक्यात भरवलं. मलाही तिनेच समजावलं. लीगमध्ये सहा टीम. सगळे खेळाडू आपलेच, कोकणातले आणि घाटावरचे, कुणी ऑफिसात, कुणी साइटवर. उन्हाळ्यात इथे कुणी खेळत नाही; ऑक्टोबर ते मार्च हा मोसम. त्याआधी प्रत्येक टीमने आपले तीनच खेळाडू ठेवायचे. बाकीचे सगळ्यांच्या यादीत जातात आणि कॅप्टन पाळीपाळीने एकेक नाव घेतात. मागच्या वर्षी जो शेवटचा आला, त्याला पहिली पाळी.

“अँड वी वेअर लास्ट,” झोया म्हणाली.

“सांग, सगळ्या जगाला सांग,” सलीम म्हणाला.

घरी भाबीने केलेल्या माशाच्या कालवणाबरोबर यादी समोर आली. नाव, जागा, वय, ड्यूटी, सुट्टी. सलीम म्हणाला, “शेवटचे दोन रकाने आधी वाच. खेळ नंतर.” मागच्या वर्षी त्याने तिथेच मार खाल्ला होता. मंडणगडचा एक स्ट्रायकर पहिल्या पाळीत घेतला, त्याने आठ मॅचमध्ये नऊ गोल केले, आणि जानेवारीत बहिणीच्या लग्नासाठी पंचेचाळीस दिवस गावी गेला. तो परत आला तेव्हा टीम तळाला होती. त्यामुळे यंदा गरजा स्पष्ट होत्या: एक तरुण गोलकीपर, एक लेफ्ट बॅक ज्याची रविवारी ड्यूटी नसेल, आणि मधल्या फळीत पळणारा कुणीतरी, ज्याच्या घरात एवढ्यात लग्न नाही.

“गोलकीपर तर आहे ना तुझा? तो साताऱ्याकडचा?”

सलीमने यादी बाजूला सरकवली. मग म्हणाला, “उद्या त्यालाच भेटायला जायचंय.”

शनिवारी सकाळी आम्ही हमरिया फ्री झोनकडे निघालो. शारजा मागे पडलं की रस्ता सरळ होतो, डावीकडे मधूनच समुद्राची पातळ निळी रेघ दिसते आणि गोदामांच्या रांगा सुरू होतात. वाटेत एका टपरीसमोर सलीमने हॉर्न वाजवला आणि कडक वेलचीचा चहा गाडीत आला. दोन दिऱ्हम. म्हणजे अठ्ठेचाळीस रुपये, असं मी मोठ्याने म्हटलं आणि सलीम हसला. “पहिल्या आठवड्यात सगळे असंच करतात, आपा.”

बबन शिंदे एका फॅब्रिकेशन यार्डात वेल्डर आहेत. वय सेहेचाळीस, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. खोलीत चार कॉट, आणि खिडकीतल्या एसीवर वाळत घातलेले गोलकीपरचे हातमोजे, दोन बोटांना वेगळ्या रंगाचं चामडं शिवलेलं. त्यांनी मला बसायला आपली उशी दिली.

सलीमने नजर खाली ठेवून सांगितलं. “बबनभाऊ, तिघांत तुम्हाला ठेवता येत नाही. तरुण कीपर बघतोय. पण तुम्ही काळजी करू नका. शेवटच्या फेरीत मी तुमचंच नाव घेणार. तोवर तुम्हाला कोण हात लावतंय?”

“चालतंय की,” बबनराव म्हणाले. “शेवटाला तर शेवटाला. नऊ वर्षं गोलात उभा हाय, मागं राहायची सवय झालीया.”

आम्ही हसलो. पण त्यांनी हातमोजे एसीवरून काढून घडी करून ठेवले, अजून ओलेच होते तरी.

सलीमला फोन आला आणि तो बाहेर गेला. बबनराव माझ्याकडे वळले. “ताई, एक सांगू? मार्चला माझं खलास. कायमचा गावी चाललोय. सतरा वर्षं झाली. हा शेवटचा सीझन.”

“मग सलीमला सांगा ना.”

“सांगितलं तर पहिल्या पाळीत घेईल तो. लई मायाळू हाय. तसं नको. खेळ बघून कुणी घेतलं तर घेतलं.” त्यांनी दाराकडे बघितलं. “तुम्हीबी सांगू नका.”

मी होकारार्थी मान हलवली. परतीच्या रस्त्यावर समुद्राची ती रेघ आता उजवीकडे होती. सलीम गाणं गुणगुणत होता आणि मी माझ्याच वहीकडे बघत होते, जिच्यात अजून एकही शेरा नव्हता.

रविवारी पहाटे ट्रायल. दुबईच्या अल क्वोज भागात गोदामांच्या मागे एक मोकळी वाळूची जागा आहे. तिच्यावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. पाण्याची बाटली आणि रुमाल घेतल्याशिवाय जाऊ नका, सप्टेंबरात पहाटेसुद्धा हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. धूळ आणि दमटपणा मिळून सगळं दुधी झालं होतं. पलीकडच्या गोलाचे खांब दिसत नव्हते, फक्त मधली जाळी हवेत तरंगत होती. कामगारांच्या वस्तीतून माणसं दोघं-तिघं करून येत होती, आधी आवाज, मग आकार.

आधी तेवीस वर्षांचा नवा कीपर उभा राहिला. काय सुंदर उडी मारायचा तो. हवेत गेला की क्षणभर तिथेच राहणार असं वाटायचं. सलीमने मोजलं: चाळीस मिनिटांत सात बॉल अडवले.

मग बबनराव. त्यांनी खेळ सुरू होण्याआधी बचावातल्या चौघांना जवळ बोलावलं आणि नावं विचारली. वेगवेगळ्या टीमची ती माणसं होती, एकमेकांना अनोळखी. त्यानंतर चाळीस मिनिटं त्यांचा आवाज थांबला नाही. “इर्फान, डावीकडं. सुहास, त्याला सोडू नगंस. इर्फान, बास, थांब तिथं.” तो आवाज दुधी हवेतून यायचा आणि माणसं त्याच्या दिशेने सरकायची. एक बॉल खालून उजवीकडे आला तेव्हा त्यांचा गुडघा उशिरा वाकला आणि गोल झाला.

“ही इज टू स्लो ऑन द राइट, फुफू,” झोया आपल्या आत्याला, म्हणजे मला, म्हणाली. मी लिहून घेतलं. खरं होतं.

“बबनभाऊंनी दोनच अडवले,” सलीम म्हणाला.

“तीनच आले,” मी म्हटलं.

मी वही त्याच्यापुढे धरली. शेरा असा होता: ‘ह्यांच्याकडे बॉल कमी येतो, कारण हे आधी बोलतात.’

सलीमने वाचलं. “बरोबर आहे, आपा. पण वय बघ. आणि घेतोच आहोत ना आपण शेवटी.”

तो नव्या कीपरशी बोलायला गेला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ येऊन बसले. फैय्याज, महाडचे, अल क्वोजमध्ये एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आणि दुसऱ्या एका टीमचे कॅप्टन.

“सलीमची आपा ना तुम्ही? कोण आवडलं?”

“मला खेळ कळत नाही.”

“मलाही कुठे कळतो. एसी कळतो. कुठला आवाज करतोय आणि कुठला गार करतोय, एवढं बघतो.”

मला हसू आलं. आणि मी वहीतला तो शेरा सांगून टाकला. फक्त पाहिलेलं सांगितलं, मार्चबद्दल अवाक्षर नाही. फैय्याजनी सलीमच्यासारखीच एक यादी खिशातून काढली, बबनरावांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेवटचा रकाना वाचला. सुट्टी: नाही.

ड्राफ्ट दुपारी, देरामधल्या एका हॉटेलच्या माडीवर. खाली बिर्याणी वीस दिऱ्हमला मिळते आणि दोघांना पुरते. वर भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्यांची लांब रांग, तिच्यावर यादीतले सगळे. समोर सहा कॅप्टन. नाव पुकारलं की माणसाने उठायचं, खोली ओलांडायची आणि आपल्या कॅप्टनच्या मागे जाऊन बसायचं. सात-आठ पावलांचंच अंतर, पण प्रत्येकजण ते वेगळं चालत होता. कुणी शर्ट नीट करत, कुणी पळत, एकजण तर मागे राहिलेल्या दोस्ताकडे बघत बघत.

“यल्ला, सुरू करा, दोनची शिफ्ट आहे माझी,” कुणीतरी ओरडलं.

सलीमने पहिल्या पाळीत तो तरुण कीपर घेतला. दुसऱ्या फेरीत लेफ्ट बॅक मिळाला, इर्फान. तिसऱ्यात मधल्या फळीतला पळणारा, ज्याचं लग्न गेल्याच वर्षी झालंय. सलीमच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी ते लहानपणचं समाधान दिसलं, परीक्षेचा पेपर सोपा गेल्यावरचं.

बबनराव रांगेच्या टोकाला बसले होते. हातमोजे मांडीवर. फेऱ्या एकूण दहा. मी मनातल्या मनात मोजत होते, अजून सात.

मग फैय्याजची पाळी आली. “बबन शिंदे,” ते म्हणाले.

खोलीत कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. सलीमने मान वर केली. “फैय्याजभाई, आपलं तोंडी ठरलंय त्यांच्याशी.”

“तुमचं ठरलंय, हबीबी. यादीत लिहिलेलं नाही.”

बबनराव उठले. ते पहिल्या पावलाला सवयीने सलीमकडेच निघाले होते. मधेच वळले. वळताना सलीमसमोर थांबून त्यांनी हात पुढे केला आणि सलीमने तो दोन्ही हातांनी धरला. “तिसऱ्याच फेरीत, सलीमभाई,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. चकित झालेल्या माणसाचा आवाज होता तो. नंतर ते फैय्याजच्या मागे जाऊन बसले, पाठ अगदी ताठ करून.

गाडीत झोया म्हणाली, “बाबा, यू सेड नोबडी विल टेक हिम.”

सलीमने सिग्नलला गाडी थांबवली. मग मला विचारलं, “आपा, फैय्याजला तू काय सांगितलंस?”

“तुला सांगितलं तेच.”

“खलास,” तो म्हणाला. पुढे घर येईपर्यंत गाणं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी एकटीच खाडीवर गेले. देराहून पलीकडे जायला लाकडी होडी असते, तिला अब्रा म्हणतात. एक दिऱ्हम. पहिल्यांदा मी रुपयांत गुणाकार केला नाही. काठाला मालाच्या होड्या लागलेल्या, त्यांच्यावर फ्रीज, टायर, कांद्याची पोती. पाणी तेलकट, सोनेरी, अगदी हळू हलणारं. मी पलीकडे गेले आणि न उतरता परत आले, आणि पुन्हा गेले. भावाचा गोलकीपर मी घालवला होता. आणि एका माणसाला सात पावलं ताठ चालायला मिळाली होती. दोन्ही गोष्टी एकाच होडीत बसल्या होत्या, आणि उतरायला कुठलीच तयार नव्हती.

आता दापोलीत थंडी पडू लागलीय. परवा पहिल्या सत्राच्या प्रगतीपुस्तकांचा गठ्ठा घेऊन बसले होते, तेव्हा सलीमचा निरोप आला, त्याच्याच आवाजातला.

“आपा, आज फैय्याजच्या टीमशी मॅच होती. एक-शून्यने हरलो. गंमत ऐक. आमचा कॉर्नर होता, इर्फान पुढे गेलेला. बबनभाऊ समोरच्या गोलात उभे, तिथूनच ओरडले, ‘इर्फान, मागं ये, मागं कुणी नाही.’ आणि आमचा इर्फान आला की मागे. सगळे हसायला लागले. बबनभाऊ स्वतःच डोक्याला हात लावून बसले.” मग गाडीचं दार लागल्याचा आवाज. “मॅचनंतर त्यांनी मार्चचं सांगितलं. तुला माहीत होतं म्हणाले.”

मी लिहिलं, “होतं.”

तो उत्तर लिहितोय असं फोनवर दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. शेवटी एवढंच आलं: “मी पहिल्या पाळीत घेतलं असतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं,” मी लिहिलं. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. येईल, इन्शाल्ला.

गठ्ठ्यात सगळ्यात वर सातवीतल्या सानियाचं पुस्तक होतं. तिच्या रकान्यात मी दुपारीच लिहून ठेवलं होतं: ‘वर्गात सतत बोलते.’ मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुलांना गणित घालून मी शेवटच्या बाकामागे जाऊन उभी राहिले, ती कुणाशी काय बोलते ते ऐकायला.