बांधून राहिले

नांदेडच्या कॉलेजात आम्ही पोरापोरींनी मिळून एक उपग्रह केला होता, चहापत्तीच्या डब्याएवढा. त्याच्या अँटेनाचं काम माझ्याकडे होतं. अँटेना म्हणजे सुताराच्या टेपसारखी पोलादी पट्टी, ती डब्याभोवती गुंडाळायची आणि नायलॉनच्या दोऱ्यानं आवळून बांधायची. वर गेल्यावर आतली तार तापते, दोरा वितळतो, पट्टी ताडकन उघडते. हे काम चोख करते म्हणून उपग्रह प्रक्षेपण केंद्रावर सोपवायला सरांबरोबर मीच जायचं ठरलं होतं.

आमच्या टीमचा कॅप्टन पुण्याचा. चाचणीच्या दिवशी मी काचेच्या खोलीत हातमोजे घालून पट्टी बांधत होते आणि तो बाहेर लॅपटॉपवर. त्यानं माइकवरून विचारलं, "झालं का?"

"बांधून राहिले," मी म्हटलं.

आमच्या गावाकडं याचा अर्थ एकच: बांधतेय, थांब जरा. त्यानं ऐकलं, बांधून झालं. आणि तार तापवायचं बटण दाबलं.

पट्टी सुटली ती माझा अंगठा चिरून थेट सोलर पॅनलवर आदळली. पॅनलला तडा गेला. सर धावत आले, तर हा शांतपणे म्हणतो, "हिनंच झालं म्हणून सांगितलं. हिला आधी मराठी शिकवा, सर." सगळे हसले. अंगठ्यातून रक्त गळत होतं, तेही कुणी विचारलं नाही. सरांनी मला टीममधून काढलं आणि माझी जागा त्याला दिली.

आईला फोन केला, म्हटलं घरी येते. आई म्हणाली, "घरी यिऊन काय करतीस? त्याला नाक घासाया लाव, मंग ये." मला तेच ऐकायचं होतं.

नवं पॅनल आलं, पण पट्टी कुणालाच बांधता येईना. दोरा सैल पडायचा, नाहीतर तुटायचा. सोपवायचा दिवस तोंडावर आला, तेव्हा कॅप्टन मेसमध्ये माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"प्लीज, बांधून दे ना."

"विचार करून राहिले," मी म्हटलं.

या वेळी त्याला अर्थ बरोबर कळला. मुकाट्यानं समोरच्या बाकावर बसला. मी सावकाश जेवले. ती भाकरी लई गोड लागली, खोटं कशाला बोलू?

मग अट सांगितली. दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमसमोर तो सरांना म्हणाला, "ती झालं म्हणाली नव्हती. मला समजलं नाही, आणि मी पुन्हा विचारलंही नाही." त्याची मान खाली होती. या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी माझी जागा मला परत दिली आणि मी पट्टी बांधून दिली.

निघायच्या दिवशी सर मला म्हणाले, "आणखी एकाला नेता येतंय. यालाही घेऊ या का? तू म्हणशील तसं."

तो दाराशीच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, पाठीला बॅग लावून. शाळेपासून तो याच दिवसाची वाट बघत होता, हे मला ठाऊक होतं.

मी त्याच्याकडे बघतच म्हटलं, "नको, सर."