अकरा दिव्यांची मोटारसायकल

स्कारॉय बेटाला जाणारी फेरीबोट कायमची बंद झाली, तेव्हा आर्नफिन नेस्वोल्डची सत्तावीस वर्षांची नोकरी गेली. पण नोकरीपेक्षा त्याला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्याची मोठी बहीण बोर्गहिल बेटावर एकटी राहायची, आणि तिच्याकडे जायला आता समुद्राखालून खणलेला बोगदा होता. लांबी सात किलोमीटर. अर्धं अंतर खाली उतरायचं, उरलेलं अर्धं वर चढायचं, आणि डोक्यावर सगळा समुद्र. आर्नफिन एकदाच राग्नफ्रिडच्या शेजारी गाडीत बसून त्यातून गेला होता. बायको गाडी चालवत होती आणि हा डोळे मिटून बसला होता.

"संपला का?" तो सारखं विचारत होता.

"आत्ता तर सुरू झालाय," राग्नफ्रिड म्हणाली होती.

त्यानंतर तो बहिणीकडे जायचा तो उत्तरेच्या धक्क्यावरून. तिथे अजून एक छोटी फेरीबोट चालायची. दोन तासांचा वळसा पडायचा, पण आकाश दिसायचं. आणि जायचा आपल्या मोटारसायकलवरून.

ही मोटारसायकल त्याच्याहून जास्त हिंडलेली होती. लांबच्या प्रवासासाठीच बांधलेलं तीनशे किलोंचं धूड, समोर रुंद काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. तिशीत असताना त्याने ती शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली, तेव्हाच ती जुनी होती. दर शरद ऋतूत तो तिला गॅरेजमध्ये उचलून ठेवायचा. तेल बदलायचं, ब्रेक ऑइल बदलायचं, मागचं चाक काढून दातेरी चकतीला ग्रीस लावायचं, रबरी नळ्या बोटांनी दाबून बघायच्या. इंजिनच्या आवाजातला एवढासा फरक त्याला न्याहारीच्या टेबलावरून कळे. गावातले लोक म्हणत, आर्नफिनची गाडी बघावी आणि आपल्या गाडीची लाज वाटावी.

मग चौदा वर्षांपूर्वी ते हरीण आडवं आलं.

डोंगरातून एकदम रस्त्यावर उडी. आर्नफिनने ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली आणि दोघं घसरत जाऊन खालच्या चरात पडले. पाय गाडीखाली. सायलेन्सर पोटरीला टेकलेला. त्या जळण्याची आठवण तो कधी काढत नसे. त्याच्या मनात रुतून बसलं होतं ते दुसरंच. वरून दोन गाड्या गेल्या. तो ओरडला. त्या थांबल्या नाहीत, कारण त्यांना तो दिसलाच नाही. दीड तास तो तिथे पडून होता, रस्त्यापासून जेमतेम चार हातांवर.

पाय बरा झाला, गाडीही त्याने उभी केली. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं. त्याने आधी इंजिनभोवती जाड नळ्यांचं कुंपण बसवलं, म्हणजे पुन्हा पडली तर पाय दबू नये. मग पुढे दोन जादा दिवे. मग मागे दोन लाल. मग पेट्यांच्या कडांना पिवळे. लॉरीला बसवतात तसला भोंगा. थंडीने बोटं आखडली तर ब्रेक वेळेवर लागणार नाही, म्हणून हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी. शिवाय विजेवर गरम होणारं, अंधारात चमकणारं पिवळं जाकीट. दर हिवाळ्यात नवी भीती, दर वसंतात नवी वस्तू. मोजले तर अकरा दिवे भरत.

"लोकांकडे ख्रिसमसला झाड लागतं," राग्नफ्रिड म्हणायची, "आमच्याकडे बारा महिने."

तालुक्याच्या गावी ओड्गाइरचं दुरुस्तीचं दुकान होतं. दोघं शाळेपासूनचे दोस्त. ओड्गाइर मात्र हसत नसे.

"हे बघ," तो म्हणाला, "या गाडीचा डायनॅमो म्हणजे म्हातारी गाय. तिच्याखाली तू आठ वासरं लावली आहेस. आटेल एक दिवस."

"मग काय करू?"

"अर्धे दिवे काढ. नाहीतर मला मोठा डायनॅमो बसवू दे. पण त्याला निम्मी गाडी खोलावी लागेल."

"वसंतात बघू," आर्नफिन म्हणाला. दिवे काढायचे म्हटलं की त्याला तो चर दिसायचा. आणि निम्मी गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची, एवढा भरवसा त्याचा कुणावरच उरला नव्हता. त्याऐवजी त्याने बॅटरीतल्या विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, दाखवणारा एक काटा आणून हँडलजवळ बसवला. चालवताना निम्मं लक्ष त्या काट्यावर.

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी बोर्गहिलने फोन उचलला नाही. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, पाच मेंढ्या आणि एक मांजर एवढाच तिचा संसार. बुधवारी संध्याकाळी केलेला फोनही तिने घेतला नव्हता. आर्नफिनने शुक्रवारी सकाळी तीनदा लावला. घंटा वाजत राहिली. तिचा शेजारी मासेमारीला समुद्रावर गेलेला. राग्नफ्रिड गाडी घेऊन शहरात कामावर.

बेटावरच्या आरोग्य केंद्राला फोन करायचा, हे त्याला सुचलं नाही असं नाही. त्याने नंबरही काढला होता. पण दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या शेजाऱ्याची होडी परतली नाही म्हणून त्याने बचाव पथक बोलावलं होतं, आणि शेजारी होता आपल्या मेहुण्याकडे पत्ते खेळत. तेव्हापासून गावच्या किराणा दुकानात कुणी ना कुणी विचारायचंच, "काय आर्नफिन, आज कुणी बुडालं का?" त्याने नंबर लिहिलेला कागद खिशात घातला आणि मोटारसायकल बाहेर काढली.

उत्तरेच्या धक्क्यावर पोचला तर वारा असा की उभं राहणं मुश्कील. फाटकाला पाटी लावलेली: वादळामुळे बोट बंद. त्याने पावसाचा काळा डगला अंगावर चढवला आणि भिजत तिथेच उभा राहिला. आता रस्ता एकच उरला होता.

परतीच्या वाटेवर त्याने काटा पाहिला. नेहमी चौदाच्या आसपास असणारा काटा बारावर आला होता. थोड्या वेळाने साडेअकरावर. गाय आटली होती. डायनॅमो बंद पडला होता आणि गाडी आता फक्त बॅटरीवर चालली होती. सगळे दिवे, जाकीट, मुठी बंद केल्या असत्या तर ती आरामात तासभर चालली असती. हे त्याच्याइतकं कुणाला कळणार! जाकीट आणि मुठी त्याने बंद केल्या. दिव्यांच्या बटनाकडे हात गेला, आणि समोर बोगद्याचं तोंड दिसलं. हात मागे आला. दिवे बंद करून आत जायचं? त्या काळोखात, कुणाला न दिसता?

सात किलोमीटर तर आहेत, त्याने स्वतःला समजावलं.

आत शिरल्याबरोबर वाऱ्याचा आवाज तुटला आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली. त्याने काच वर केली. ओल्या दगडाचा आणि धुराचा वास. छतावरचे दिवे लांब लांब अंतरावर, पिवळट. रस्ता खाली, खाली, आणखी खाली. कानात दडे बसले. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता आणि दात थंडीने वाजत होते, दोन्ही एकाच वेळी. काट्याकडे बघायचं नाही असं ठरवून तो दर दहा सेकंदांनी काट्याकडे बघत होता. अकरा. साडेदहा.

तळ लागला. चढ सुरू झाला. पुढचा दिवा मंद होत होत निखाऱ्यासारखा लाल झाला, इंजिनने दोन आचके दिले आणि अकराच्या अकरा दिवे एकदम विझले.

गाडी चढावर थांबली. आर्नफिनने ब्रेक आवळून धरला. दोन छतदिव्यांच्या बरोबर मधला काळोख त्याच्या वाट्याला आला होता. चमकणारं पिवळं जाकीट काळ्या डगल्याखाली झाकलेलं. तेवढ्यात मागून, खूप खालून, घरघर ऐकू आली. बोगद्यात आवाजाचं अंतर कळत नाही. पण सत्तावीस वर्षं बोटीवर लॉऱ्या चढवलेल्या माणसाला त्या आवाजाचं वजन कळतं. माशांनी भरलेली लॉरी होती, आणि चढ घेण्यासाठी ड्रायव्हरने वेग वाढवला होता.

गाडी सोडून भिंतीला चिकटावं? मग लॉरी गाडीवर आदळणार, ड्रायव्हर मरणार. वर ढकलावी? तीनशे किलो, शक्यच नाही. येताना उजव्या हाताला एक खबदाड दिसलं होतं, बंद पडलेल्या गाड्यांसाठी खोदलेलं. तीसेक पावलं मागे. म्हणजे उतारावरून, उलटं, त्या आवाजाच्याच दिशेने जायचं.

त्याच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. प्रार्थना नव्हती, शब्दही नव्हता. त्याने ब्रेक सैल केला.

गाडी मागे सरकू लागली. दोन्ही पाय जमिनीवर घासत, मान वळवून, ब्रेक सोडत आणि धरत तो उलटा उतरत होता. जुन्या पोटरीत कळ उठली. खालच्या वळणावर भिंत उजळू लागली. आधी फिकट, मग पांढरी. दहा पावलं उरली. पाच. त्याने हँडल वळवलं, मागचं चाक खबदाडात शिरलं, तेलकट दगडावरून पाय सटकला आणि गाडी धाडकन आडवी झाली. आर्नफिन पलीकडे फेकला गेला. या वेळी पाय दबला नाही. कुंपणाच्या नळ्यांनी गाडी तोलून धरली होती. त्याच क्षणी लॉरी गेली. तिच्या वाऱ्याने डगला अंगावर फाडफाड वाजला, आणि ती न थांबता वर निघून गेली. तिला तो दिसलाच नव्हता.

भिंतीतल्या पेटीत संकटकाळचा फोन होता. आर्नफिनला तो धरायला दोन्ही हात लागले.

"बोला," एका बाईचा आवाज आला. रस्ता नियंत्रण कक्ष.

त्याला बोलताच येईना.

"घाई नाही. तुम्ही उभे आहात तिथे कॅमेरा आहे. पिवळं हेल्मेट, बरोबर? तुम्ही मला दिसताय."

"दिसतोय?"

"चांगले दिसताय. मी बोगदा बंद केलाय, आता कुणी येणार नाही. लागलंय कुठे?"

आणि छप्पन्न वर्षांचा आर्नफिन त्या ओल्या दगडाला टेकून हुंदके देऊन रडला. मग त्याने सांगितलं, जे सकाळपासून कुणाला सांगितलं नव्हतं. "मला फार भीती वाटतेय. माझी बहीण फोन घेत नाहीये. दोन दिवस झाले. कदाचित काही नसेलही. मी उगाचच घाबरतो, सगळे म्हणतात."

"पत्ता सांगा," बाई म्हणाली. "उगाच की खरं, ते जाऊन बघितल्यावर कळेल."

आरोग्य केंद्राची नर्स वीस मिनिटांत पोचली. बोर्गहिल तळघराच्या जिन्याखाली सापडली. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ निळे, शुद्धीवर. बटाटे आणायला उतरली होती. चाळीस तासांत तिने बरोबरच्या टोपलीतलं एक कच्चं गाजर खाल्लं होतं, आणि वर वाजणाऱ्या फोनच्या घंटा मोजल्या होत्या.

शस्त्रक्रियेनंतर आर्नफिन तिला भेटायला गेला. का उशीर झाला ते त्याने लपवलं नाही.

"म्हणजे नंबर तुझ्या खिशात होता."

"हो."

"आणि लोक हसतील म्हणून तू फोन केला नाहीस."

"हो."

"हसू द्यायचं होतं की, आर्नफिन. मी खाली पडून होते." तिने तोंड फिरवलं. नंतर बऱ्याच वेळाने हात मात्र पुढे केला.

ओड्गाइरने टेम्पोतून मोटारसायकल दुकानात आणली. "सांगितलं होतं" हे शब्द त्याच्या ओठांवर आले असतील, पण त्याने ते गिळले. दोघांनी मिळून निम्मी गाडी खोलली, मोठा डायनॅमो बसवला. दिवे काढायला आर्नफिनने स्वतः पाना घेतला. सात काढले. आठव्याशी त्याचा हात थांबला. ओड्गाइर म्हणाला, "राहू दे चार. चार झेपतील तिला."

घरी त्या रात्री जेवताना त्याने राग्नफ्रिडला सांगितलं की त्याला रोज भीती वाटते. दर वळणावर. चौदा वर्षं.

राग्नफ्रिडने काटा-चमचा ताटात ठेवला. "मला काय वाटत नव्हती? दर रविवारी तू निघालास की मी खिडकीत उभी असते, तू परत येईपर्यंत. बोलले असते तर तू गाडी विकली असतीस, आणि मग भिंतीकडे बघत बसला असतास. म्हणून झाडाची थट्टा करायचे."

बोर्गहिलला रुग्णालयातून घरी सोडलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिच्याकडे जायचं होतं आणि उत्तरेची बोट चालू होती. राग्नफ्रिड कपाटातून आपलं जुनं हेल्मेट घेऊन आली. हरणानंतर ती एकदाही मागे बसली नव्हती.

"बोगद्यातून," ती म्हणाली.

"राग्नफ्रिड, नको."

"मला तरी कुठे हवंय?"

आत शिरताना त्याच्या छातीत पहिल्यासारखीच धडधड होती. जराही कमी नाही. तिने त्याच्या कमरेला अशी मिठी मारली होती की श्वास घेता येईना. तळाशी, जिथून चढ सुरू होतो तिथे, तो मोठ्याने ओरडला, "मला भीती वाटतेय!"

"मलाही!" ती मागून ओरडली. "थांबू नकोस!"

ते खबदाड उजव्या हाताला मागे गेलं. त्याने तिकडे बघितलं नाही. मग वर राखाडी उजेडाचा एक ठिपका दिसला, मोठा झाला, आणि दोघं बेटावरच्या पावसात बाहेर पडले. पहिल्याच थांब्यावर त्याने गाडी उभी केली. दोघांचेही हात इतके थरथरत होते, की बराच वेळ हेल्मेट काढायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही.