सौंगाचं कातडं

आमच्या वरच्या खोलीत ब्रह्मदेशातली एक विद्यार्थिनी राहायला येऊ शकेल का, असं विद्यापीठातल्या ओळखीच्या एका बाईंनी मला फोनवर विचारलं. मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं. "बुद्धाला मानणाऱ्या मुलखातली पोर हाय. तिला नाय कसं म्हणावं?" एवढंच ते म्हणाले.

घरात आम्ही दोघंच. मी शाळेत शिकवते. अण्णांनी चाळीस वर्षं ढोलक्या, तबले आणि हलग्या मढवल्या. मुलगी येण्याच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं-चालणं सुधारलं, पण उजव्या हाताची थरथर गेली नाही. मग त्यांनी गुलमंडीजवळचं दुकान एका नातेवाइकाच्या हवाली केलं आणि आपली हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. त्याबद्दल ते बोलत नसत. मीही विषय काढत नसे.

मुलगी आली ती रिक्षानं. पंचविशीची, गालांवर चंदनासारखा पिवळसर लेप लावलेली. पाली शिकायला इथं आली होती. एक ट्रंक होती आणि गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं तिनं छातीशी धरलं होतं. ट्रंक रिक्षावाल्यानं उतरवली, पण गोधडीला तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

"त्यात काय हाय माय?" अण्णांनी विचारलं.

"सौंग," ती म्हणाली.

"सोंग? कसलं सोंग?"

तिला काही कळलं नाही. तिनं ओसरीवरच गोधडी सोडली. आत एक वाद्य होतं. लहान होडीसारखं लाकडाचं पोट, त्यावर ताणलेलं लाल रंगाचं कातडं, आणि एका टोकातून वर वळत गेलेली दांडी. ही दांडी खैराच्या मुळापासून करतात आणि ते वळण मुळाचं स्वतःचंच असतं, असं तिनं नंतर सांगितलं. दांडीपासून पोटापर्यंत सोळा तारा होत्या, प्रत्येक तार लाल दोऱ्यानं बांधलेली. हे तिच्या आजोबांनी तयार केलेलं होतं. तिची आई गाणारी, आणि त्या गाण्याबरोबर ही मुलगी लहानपणापासून ते वाजवायची.

अण्णांच्या तोंडी त्याचं नाव कायम सोंगच राहिलं. पुढं तीही तसंच म्हणायला लागली. तिचं मराठी घडलं ते अण्णांच्या पायाशी बसून, त्यामुळं विभागातल्या प्राध्यापकांसमोरही ती "व्हय" आणि "लई अवघड हाय" म्हणायची. मी एकदोनदा तिला शुद्ध रूपं सांगून पाहिली. तिनं ती वहीत लिहून घेतली आणि बोलताना अण्णांचीच वापरली.

ती सकाळी वाजवायची. मांडी घालून बसायची, वाद्य मांडीवर घ्यायची आणि सुरुवात करण्याआधी गुरूंना हात जोडायची. उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी वाजवायची नाही. जिन्यातून तो आवाज खाली यायचा. हौदात एकेक थेंब पडावा तसा सुटा, गोल. अण्णा चहाचा कप हातात धरून ऐकत बसायचे आणि चहावर साय धरायची.

एकदा तिनं त्यांना तिकडच्या ढोलांविषयी सांगितलं. लाकडाचं नक्षीदार गोल कुंपण असतं, त्याच्या आतल्या बाजूनं एकवीस ढोल टांगलेले असतात आणि वाजवणारा मधोमध बसतो. प्रत्येक ढोलाचा सूर वेगळा. शिजवलेला भात आणि राख कालवून त्याचा गोळा कातड्यावर थापतात. सूर चढला तर थोडा वाढवायचा, उतरला तर थोडा काढायचा.

अण्णा ताठ बसले. "अगं, आपण पखवाजाला कणीक लावतो. तेच की हे." मग म्हणाले, "पण एका माणसाला एकवीस? त्याला बायकोनं हाक मारली तर तो निघतो कसा बाहेर?"

ती पोट धरून हसली. अण्णा आजारपणानंतर वाद्यांबद्दल आपणहून बोलले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

एप्रिलमध्ये आमच्याकडचं कोरडं ऊन तापलं. एका दुपारी वरून फाडकन आवाज आला, भांडं पडल्यासारखा. मी वर गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती. कातडं एका कडेपासून, तारा जिला बांधतात त्या मधल्या पट्टीपर्यंत फाटलं होतं. तिच्या गावची हवा दमट, तिथं कातड्याला असं ऊन कधी सोसावं लागलंच नव्हतं. तिनं त्याच्यावर स्वतःची ओढणी घातली आणि मला म्हणाली, "ताई, अण्णांना सांगू नका."

दोन दिवस ती खाली जेवायला आली नाही. वाद्य घरी पाठवणं शक्य नव्हतं. तिच्या देशात लढाई चालू होती, रस्ते बंद होते, तिला स्वतःलाच जाता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी, सकाळचं वाजणं बंद का म्हणून, अण्णाच कठडा धरून जिना चढले. ओढणी बाजूला करून त्यांनी फाटलेली कड अंगठ्यानं चाचपली.

"हरणाचं हाय?"

"व्हय."

"ते आता मिळायचं नाय, आणि घेऊही नाय. बकरीचं चालंल का?"

"ठाऊक नाय, अण्णा."

"मलाबी नाय ठाऊक," ते म्हणाले. "बघू."

रविवारी मी त्यांना शेअर जीपनं गंगापूरच्या बाजूला घेऊन गेले. तिथं त्यांचा एक जुना दोस्त राहतो. आयुष्यभर शेळ्या-मेंढ्या राखल्या त्यानं, आणि अण्णांच्या दुकानाला कातडी त्याचीच. त्याला वाटलं होतं अण्णांनी काम कायमचं सोडलं. त्यानं अण्णांच्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं,

"कशाला पायजे? ढोलकीला?"

"नाय. ब्रह्मदेशातल्या पोरीचं वाद्य हाय. मारायचं नसतं, नुसतं छेडायचं असतं."

दोस्तानं पाच-सहा कातडी उजेडात धरून पाहिली आणि दोन पातळ निवडली. "दोन घेऊन जा," तो म्हणाला. "नवं काम हाय, एखादं वाया जाईल."

माळ्यावरचं पोतं मी खाली काढलं. अण्णांनी सुरी हातात घेतली, आणि थरथरीमुळं तिचं टोक कातड्यावर नाचायला लागलं. त्यांनी ती खाली ठेवली. बराच वेळ ते सुरीकडेच बघत होते. माझ्या मनात आलं, आता उठतील. मुलगी त्यांच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही सांगा. हात आमचे."

मग अण्णा सांगत गेले आणि आम्ही दोघी करत गेलो. चुन्याच्या पाण्यात भिजवणं, केस खरवडणं, कडा कापणं. माझ्या बापाचं काम मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हातानं केलं. मुलगी असल्यामुळं मला दुकानात कुणी बसवलं नव्हतं आणि मलाही ते कधी मागावंसं वाटलं नव्हतं. "घासू नको, खरवड," ते म्हणायचे. "सुरी आडवी धर. घाई कशाची?"

पहिलं कातडं आम्ही चढवलं आणि अण्णांच्या सांगण्यावरून सकाळच्या उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत ते इतकं आवळलं की मधल्या पट्टीसाठी पाडलेल्या चिरेपाशी फाटलं. वाया गेलं.

त्या संध्याकाळी मुलीच्या आईचा व्हिडिओ कॉल लागला. नेटवर्क तुटत होतं, चेहरा मधेच थिजत होता. आईनं सगळं ऐकलं आणि काहीतरी ठामपणे बोलली.

"आई म्हणती, ऊन नाय. सावलीत, चार दिवस."

"त्यांना म्हणावं, चाळीस वर्षं मी उन्हातच वाळवतोय."

मुलीनं ते तिच्या भाषेत सांगितलं. उत्तर लगेच आलं.

"आई म्हणती, ढोलाला मार खायचा असतो. ह्याला नाय."

अण्णा हसले. "बरोबर बोलल्या," ते म्हणाले.

दुसरं कातडं आम्ही घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला ओलं गोणपाट लावून, चार दिवस वाळवलं. त्यातल्या एकाही दिवशी अण्णा दुपारी झोपले नाहीत. कातड्यावर चढवायची तिकडची झाडाची राळ इथं मिळणार नव्हती, म्हणून फर्निचरवाल्याकडून लाखेचं पॉलिश आणून वरून हात दिला. तारा चढवल्यावर कातडं सैल पडायचं, मग मुलगी तारा पुन्हा ओढून घ्यायची. आठवडाभर तेच चाललं. शेवटी सूर टिकला. आवाज आधीपेक्षा जाड होता, आणि खालच्या दोन तारा तर सर्दी झाल्यासारख्या बोलत होत्या. तिला ते कळत होतं, अण्णांनाही. पण ती वाजवत होती.

हिवाळ्यात तिची आई आली. बुद्धगयेला येणाऱ्या यात्रेकरूंच्या एका जथ्यात तिला जागा मिळाली होती, आणि तिथून ती एकटी रेल्वेनं आमच्याकडे. मुलगी घर सोडून आल्यापासून मायलेकींची भेट नव्हती. स्टेशनवर दोघी रडल्या नाहीत, एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मीच पदर डोळ्यांना लावला.

घरी आल्यावर आईनं आधी वाद्य मागितलं. नखानं कातड्यावर टिचकी मारून कान लावला आणि लेकीला काही सांगितलं.

"आई म्हणती, जाड हाय."

"जाडच हाय," अण्णा म्हणाले. "बकरी हाय ती."

मग लेक वाजवायला बसली आणि आई गायली. आईच्या एका हातात चिमुकल्या झांजा होत्या आणि दुसऱ्यात बांबूची चिपळी. गाणारीनंच ताल धरायचा, अशी त्यांच्याकडची रीत. झांज हलक्या जागी, चिपळी जोराच्या जागी. थोड्या वेळानं तिनं चिपळी अण्णांच्या डाव्या हातात दिली. अण्णांनी जन्मभराच्या सवयीनं सुरुवातीलाच ठोका दिला. तिनं मान हलवली आणि त्यांचं मनगट धरून ठेवलं, ओळ संपेपर्यंत. शेवटच्या मात्रेला सोडलं. त्यांच्या संगीतात जोर शेवटी येतो. चार-पाच वेळा चुकून अण्णांना ती जागा सापडली, आणि मग ते सोडायलाच तयार होईनात. एकमेकांची भाषा न येणारी ती दोन माणसं जेवण निवेपर्यंत बसून होती.

आई आठ दिवस राहिली. ज्वारीची भाकरी तिला आवडली, ठेचा नाही. निघताना तिनं अण्णांसमोर गुडघे टेकले आणि जमिनीला तीनदा डोकं लावलं. अण्णा गडबडून खुर्चीतून उठले. "ह्यांना सांग, असं नाय करायचं," ते मला म्हणाले. लेक म्हणाली, "गुरूला करतात, अण्णा." मग अण्णांनी दोन्ही हात जोडले. "जय भीम, ताई," ते म्हणाले, आणि आईनंही तिच्या उच्चारात तेच म्हटलं.

मुलगी आता पीएच.डी. करते आहे आणि वरच राहते. अण्णा सकाळी दोन तास ओसरीवर बसतात. ऐकून ऐकून लोक वाद्यं आणू लागले आहेत. मागच्या आठवड्यात करमाडहून एक हलगी आली. अण्णा सांगतात, आम्ही दोघी करतो. चुन्याचा वास बोटांना दिवसभर राहतो. वर्गात पहिल्या बाकावरची एक मुलगी परवा नाक मुरडून म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला कसला वास येतो?" मी तिला बसवून सगळं सांगितलं, आणि त्या दिवशीचं व्याकरण राहून गेलं.