तेरा तास कुणाच्या नावावर

“मावशी, तुम्ही जरा बाथरूममध्ये थांबा. साहेब जाईपर्यंत.”

डॉक्टरीणबाई गोड आवाजात बोलल्या. एरवी मला ‘ए’ म्हणायच्या. एकदम ‘तुम्ही’ आलं, तिथंच मला शंका आली.

गारखेड्यातलं खासगी प्रसूतिगृह. मी तिथं आया. दुष्काळात आमची निम्मी मेंढरं चाऱ्यावाचून गेली, उरलेली विकली, अन् नवऱ्यामागं शहरात, बजाजनगरला आले. माझी सासू मेंढरांमागं फिरता फिरता बाळंतपणं करायची. तिच्या हाताखाली मी शिकले. हॉस्पिटलात मला फरशी पुसायला घेतलं होतं. पण बाई कळांनी ओरडायला लागली की सिस्टर मलाच हाक मारायच्या. मी कंबर चोळायची, धरून चालवायची, श्वास कसा घ्यायचा ते सांगायची. बाळ डॉक्टरीणबाई काढायच्या. भीती मी काढायची.

मग नवंच ऐकू आलं. काही कंपन्यांच्या आरोग्य विम्यात आता बाळंतपणात सोबत बसणाऱ्या बाईचाही खर्च मिळतो. तिला डूला म्हणतात. मला लई बरं वाटलं. आपल्या कामाला नाव मिळालं.

मिळालं. पण डॉक्टरीणबाईंच्या भाचीला. तिच्याकडं कोर्सचं सर्टिफिकेट होतं. ती खोलीत यायची ती फोटोपुरती.

त्या दिवशी विम्याचा साहेब तपासणीला आला होता. आदल्या दिवशी बिडकीनकडच्या बागायतदार घरची सून बाळंत झाली होती. नवरा वाळूजला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, विमा त्याच कंपनीचा. पहिलटकरीण. तेरा तास कळा. तेरा तास ती माझ्या गळ्यात पडून होती.

मी तिच्याच खोलीतल्या बाथरूमात उभी राहिले. का राहिले, माहीत नाय. सवय. दाराआडून सगळं ऐकू येत होतं.

“प्रसूतीच्या वेळी जवळ कोण होतं?” साहेबानं विचारलं.

“मीच होते सर,” भाची म्हणाली. “पूर्ण तेरा तास.”

“मी पेशंटला विचारतोय.”

मला वाटलं, आता पोरगी सांगेल. तिच्या आधी, विम्याचे पैसे अडकू नयेत म्हणून, तिची सासूच बोलली, “हीच होती. दुसरी ती झाडूपोछावाली.”

मग पोरीचा बारीक आवाज आला. “व्हय. ह्याच होत्या.”

माझ्या मनगटावर तिच्याच नखांचे ओरखडे होते. अजून ठणकत होते. मी दार ढकललं. साहेबासमोर हात पुढं केला अन् म्हणाले, “इथं मी होते.”

त्यानं हाताकडं बघितलंही नाय. “सर्टिफिकेट आहे?”

“नाय.”

“मग तुमचा इथं संबंध नाही.”

पोरगी बाळाकडं बघत राहिली. मान वर केली नाय.

साहेब गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. म्हणजे माझा अंगठा लागणार, हे आधीच ठरलेलं. ‘तुम्ही’ गेलं होतं.

“अंगठा दे इथं.”

मी सातवी शिकलेली आहे. इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलंच नव्हतं. मी कागद उचलून वाचला. मी फक्त साफसफाई करते, प्रसूतीच्या खोलीत जात नाही, असं लिहिलं होतं.

“हे खोटं आहे. मी देणार नाय.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं.”

रस्त्यावर आले तेव्हा सासू आठवली. तिच्या हातावर किती पोरं जन्मली, कुणीच लिहून ठेवलं नाय. पुण्याचं काम म्हणायचे. आमच्याकडून काम पुण्य म्हणून घ्यायचं, अन् विम्याकडं सेवा म्हणून त्याचंच बिल लावायचं.

काही महिन्यांनी त्याच पोरीचा फोन आला. “मावशी, माझ्या नणंदेचे दिवस भरलेत. ती घाबरलीय. याल का?”

“कागदावर कुणाचं नाव लागणार?”

“ते हॉस्पिटल बघतं, मावशी.”

“तू काय बघतेस?”

मी फोन ठेवला नाय. म्हणाले, “येईन. कळा काय तुमच्या कागदासाठी थांबत नायत. पण सगळ्यांदेखत समोरच्या दारानं येईन. साहेब आला तर खोलीतच थांबेन, अन् कुणी विचारायच्या आत माझं नाव सांगेन. तुला खोटं बोलायचं असलं तर माझ्या तोंडावर बोल.”