जाड की पातळ

सगळे त्याला वस्ताद म्हणायचे आणि तोही ते मिरवायचा, खोटं कशाला बोला! शर्यतीच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल घालायचं, हे तो नाकाने ठरवायचा. सराव झाला की आतलं तेल वाडग्यात काढायचं आणि हुंगायचं. जळका वास आला तर जाड तेल, नाही आला तर पातळ. पातळ तेलात गाडी मोकळी पळते, पण गिअरबॉक्स तापणारा असेल तर दाते झिजतात आणि भर वेगात चाकं जखडतात. वस्तादाचा अंदाज कधी चुकला नव्हता. यंत्राने तेल तपासून देणारा एकजण आला, त्याला गाडीच्या मालकाने फाटकावरूनच वाटेला लावलं.

आणि मग एका सर्दीत वास गेला, तो गेलाच.

कळलं फक्त बायकोला. गॅसवर दूध करपून कोळसा झालं आणि हा शेजारी बसून पेपर वाचतोय! ती तावातावाने धावून आली, पण त्याचा चेहरा बघून तिने आधी गॅस बंद केला. मग हळूच म्हणाली, "अहो, मालकांना सांगून टाका."

सांगतोय कसला! गुडघे गेलेले, जॅक उचलवत नाही, नाक सोडलं तर मालकाला याचा उपयोग तो काय? बरं, गाडी चालवणारा कोण, तर सख्खा जावई. अंदाजाने पातळ घातलं आणि भलतंच झालं तर लेकीला कोणतं तोंड दाखवायचं? म्हणून हा वाडगं नाकाशी नेई, डोळे मिटे आणि म्हणे, "जाड." प्रत्येक शर्यतीला जाड. नाटक्या कुठला! पण गाडीच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की त्याचा जीव गुदमरायचा.

जाड तेलात गाडी रेंगाळू लागली. जावई मागे पडत गेला आणि दोष स्वतःलाच देऊ लागला. "बाबा, हे हल्ली जेवताना बोलतसुद्धा नाहीत," लेक सांगायची. "माझ्यातच दम राहिला नाही म्हणतात." वस्ताद ताटात बघत बसायचा.

शेवटी मालकाने जावयाला बजावलं, या शर्यतीत पहिल्या तिघांत नाही आलास तर गाडी दुसऱ्याकडे. त्या सकाळी जावई स्वतःच वाडगं घेऊन आला. "बाबा, आज पातळ चालेल का हो? नीट बघा."

वस्तादाने हुंगलं. काही नाही. आता सांगावं, आत्ताच सांगावं! पण मालक समोर, शेडमधली पोरं भोवती.

"जाड," तो म्हणाला.

जावई पाचवा आला. मालकाने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि फोन कानाला लावून तो बाहेर गेला. जावयाने हेल्मेट काढलं आणि तो सरळ वस्तादाकडे आला. म्हाताऱ्याला वाटलं, आता विचारणार.

"माझंच कमी पडलं, बाबा," जावई म्हणाला. "पण तुमच्या भरवशावर दर वेळी धड घरी आलो. आता गाडी तर सुटली. तुमची विद्या तरी शिकवा मला."

सकाळचं वाडगं बाकावर तसंच होतं. जावयाने ते उचललं आणि पहिल्यांदाच हुंगून पाहिलं. पुन्हा हुंगलं.

"मला तर काहीच जळकं वाटत नाही. चुकतंय का माझं?"

वस्तादाने वाडगं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"चुकतंय, जावईबापू," तो म्हणाला.